'डू द राइट थिंग'चे प्रारंभनृत्य : एक अभ्यास

गेल्या सत्रात आमच्या महाविद्यालयाच्या चित्रपट-मंडळाने स्पाइक ली ह्या अमेरिकन दिग्दर्शकाचा 'डू द राइट थिंग' (१९८९) हा चित्रपट दाखविला. दिवे मालवले, नामावली सुरू झाली आणि पडद्यावर एक तरुणी एकटीच नाचू लागली. सभागृहाच्या मागच्या रांगांतून शिट्ट्या आल्या. मी शिटी वाजविली नाही. पण हसलो मात्र खरा. नाच काही केल्या संपेना, तेव्हा शेजारच्याने "अरे, गोष्ट कधी सुरू होणार?" असे विचारले आणि मी खांदे उडविले.

चित्रपट संपल्यावर चर्चा झाली. सरांनी पहिलाच प्रश्न टाकला : "सुरुवातीचे नृत्य कापून टाकले, तर ह्या चित्रपटाचे काय बिघडेल?" मी हात वर केला आणि मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले, "काहीच नाही, सर. नावे सरेपर्यंत प्रेक्षकाला बसवून ठेवायला ते घातले आहे." सर काही बोलले नाहीत. माझ्या मागे बसलेली एक वर्गमैत्रीण मात्र हळूच म्हणाली, "पण ती एकदाही हसत नाही, हे पाहिलंस का?"

मी ते पाहिले नव्हते. सबंध सभागृह हसत होते आणि जिच्याकडे पाहून हसत होते ती हसत नव्हती, एवढी साधी गोष्ट माझ्या नजरेतून सुटली होती. त्यानंतर मी हा चित्रपट तीन वेळा पाहिला, आणि त्याची पहिली चार मिनिटे तर कितीदा पाहिली ह्याची मोजदाद ठेवली नाही. प्रस्तुत लेख म्हणजे सरांच्या प्रश्नाला मी उशिरा दिलेले दुसरे उत्तर आहे. हे नृत्य चित्रपटाला चिकटविलेले नाही. चित्रपटातील व्यक्ती कशा पाहाव्यात आणि त्यांच्यातील वर्णकलह कसा ऐकावा, ह्याचा पहिला धडा तेच देते, असे माझे आता मत झाले आहे. मात्र त्याच नृत्याने दिलेले एक वचन चित्रपट पुढे पाळत नाही, असेही मला वाटते. ह्या दोन्ही गोष्टी क्रमाने मांडतो.

१. कथानक

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगणे अवश्य आहे. न्यू यॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागात बेडफर्ड-स्टायव्हेसंट नावाची वस्ती आहे. तेथील एका रस्त्यावर, उन्हाळ्यातल्या सर्वांत उष्ण दिवशी, सकाळपासून रात्रीपर्यंत जे घडते ते येथे दाखविले आहे. चित्रीकरणही १९८८ च्या उन्हाळ्यात त्याच वस्तीत झाले. रस्त्यावर बहुसंख्य लोक कृष्णवर्णीय. काही पोर्तो रिकोहून आलेल्या कुटुंबांतले. कोपऱ्यावर एका कोरियन जोडप्याचे भाजी-किराण्याचे दुकान. आणि समोर सॅल नावाच्या इटालियन वंशाच्या गृहस्थाचे पिझ्झाचे दुकान. सॅल पंचवीस वर्षे येथे धंदा करीत आहे. मूकी नावाचा कृष्णवर्णीय तरुण त्याच्याकडे घरोघर पिझ्झा पोहोचविण्याचे काम करतो. ही भूमिका स्वतः स्पाइक ली ह्यांनीच केली आहे.

ठिणगी पडते ती अगदी क्षुल्लक वाटणाऱ्या कारणाने. सॅलच्या भिंतीवर फक्त इटालियन वंशाच्या नामवंत अमेरिकनांच्या तसबिरी आहेत. गिऱ्हाईक सगळे काळे, मग भिंतीवर एकही काळा चेहरा का नाही, असा बगिन आउट नावाच्या तरुणाचा सवाल. दुकान माझे, भिंत माझी, असा सॅलचा जबाब. रात्री बगिन आउट आपल्याबरोबर रेडिओ रहीमला घेऊन येतो. हा धिप्पाड तरुण दिवसभर खांद्यावर एक भला मोठा टेप-रेडिओ घेऊन फिरतो आणि त्यावर एकच गाणे लावतो. शब्दाला शब्द वाढतो, सॅल बेसबॉलच्या दांडक्याने तो रेडिओ फोडतो, मारामारी रस्त्यावर येते, आणि पोलीस गळ्यावर दंडुका आवळून रहीमला ठार करतात. मूकी कचऱ्याचा डबा उचलून आपल्याच मालकाच्या दुकानाच्या काचेवर फेकतो. दुकान जळून जाते.

आता हे सर्व मनात ठेवून पुन्हा सुरुवातीकडे वळू.

२. नांदी आणि तिचा भंग

नृत्याच्याही आधी काही सेकंद एक गोष्ट घडते, आणि ती शिट्ट्यांच्या गोंगाटात सहज हरवते. निर्मितीसंस्थेचे बोधचिन्ह पडद्यावर असताना एकटा सॅक्सोफोन वाजतो. वादक आहेत ब्रॅनफर्ड मार्सालिस. धून आहे 'लिफ्ट एव्हरी व्हॉइस अँड सिंग' ह्या गीताची. जेम्स वेल्डन जॉन्सन ह्यांनी १९०० साली लिहिलेल्या ह्या गीताला त्यांच्या भावाने चाल दिली. अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाज ते आपले राष्ट्रगीत मानतो. शाळांतून, चर्चमधून ते उभे राहून म्हटले जाते.

धून संथ आहे, काहीशी खिन्न आहे. आपण स्थिरावतो न स्थिरावतो तोच ती तुटते आणि 'पब्लिक एनिमी' ह्या गायकवृंदाचे 'फाइट द पॉवर' कानांवर आदळते. हे गाणे स्पाइक ली ह्यांनी ह्याच चित्रपटासाठी त्यांच्याकडून मुद्दाम करवून घेतले. एका पिढीची प्रार्थना संपते आणि दुसरीचे आव्हान सुरू होते. मधे काहीही पूल नाही.

आपल्याकडे तमाशात आधी गण होतो, मग गवळण, मग वग. गणात कोणाला वंदन करावयाचे हे ठरलेले असे. सत्यशोधक आणि पुढे आंबेडकरी जलशांनी हाच साचा उचलला, पण वंदन बदलले. आणि ते बदलताच पुढच्या खेळाचा अर्थही बदलला. आरंभी काय गायिले जाते ह्यावर पुढे काय ऐकू येणार ते अवलंबून असते, हे ज्याला गण ठाऊक आहे त्याला निराळे सांगावयास नको. येथे स्पाइक ली ह्यांनी जुने वंदन नाकारलेले नाही. ते ऐकवून मग थांबविले आहे. चित्रपटाच्या अगदी अखेरीस पडद्यावर दोन उतारे येतात : हिंसा ही आत्मघातकी असल्याचे सांगणारा मार्टिन ल्यूथर किंग ह्यांचा, आणि स्वसंरक्षणासाठी केलेल्या हिंसेला हिंसा न म्हणणारा माल्कम एक्स ह्यांचा. म्हणजे प्रार्थना आणि आव्हान ही जोडी आरंभी स्वरांत येते आणि शेवटी अक्षरांत. चित्रपट ह्या दोहोंच्या मधे उभा आहे.

३. नृत्यात काय दिसते

नाचणारी तरुणी म्हणजे रोझी पेरेझ. हा तिचा पहिलाच चित्रपट. तोवर ती 'सोल ट्रेन' ह्या दूरचित्रवाणीवरील नृत्यकार्यक्रमात नाचत असे. अभिनेत्री म्हणून तिला कोणी ओळखत नव्हते. तिच्या मागे ब्रुकलिनमधील घरांची मोठी चित्रे पडद्यावर टाकलेली आहेत : तपकिरी दगडाची घरे, रस्त्यावर उतरणाऱ्या पायऱ्या, बंद दारे. ही घरे खरी नाहीत हे दिग्दर्शक लपवीत नाही. त्यांवरचा प्रकाश सारखा बदलतो. तांबडा रंग वरचढ आहे. रस्ता आहे, पण रस्त्यावर तिच्याखेरीज दुसरे माणूस नाही.

तिचे कपडे अनेकदा बदलतात. कधी तोकडा झगा, कधी अंगाला घट्ट बसणारा पोशाख व वर चामड्याचे जाकीट, आणि कधी मुष्टियोद्ध्याची चड्डी व हातांत मुष्टियुद्धाचे मोजे. हालचालीही तशाच : जागच्या जागी धावणे, कंबरेचे झटके, मान मागे टाकणे, आणि मग एकाएकी हवेत ठोसे. नजर थेट कॅमेऱ्यावर, म्हणजे आपल्यावर. ओठ आवळलेले. थकवा दिसतो, घाम दिसतो. लाडिकपणा दिसत नाही.

हे सारे आनंदाचे नृत्य नाही. नृत्याला साधारणपणे जोडीदार असतो. येथे प्रतिस्पर्धी आहे, आणि तो दिसत नाही. ती कोणाशी लढते आहे, हा प्रश्न प्रेक्षकाच्या मनात उभा राहतो आणि त्याचे उत्तर कॅमेऱ्याच्या दिशेने येणाऱ्या ठोशातच असल्याचा संशय येतो. मला वाटते, आमच्या सभागृहातील शिट्ट्यांचे एक कारण हेही असावे. अस्वस्थता झाकायला हसू फार सोयीचे असते.

४. व्यक्तिरेखा : नाव नसलेली टीना

नाट्यशास्त्राच्या तासाला आपण शिकतो की, पात्राचा प्रथम प्रवेश महत्त्वाचा. तो येताच पात्राचे नाव, नाते आणि हेतू ह्यांपैकी काहीतरी कळावे लागते. येथे ह्यांतले काहीच कळत नाही. ही तरुणी पुढे टीना म्हणून येणार आहे, मूकीची प्रेयसी आणि त्याच्या लहानग्या मुलाची आई म्हणून, हे आपल्याला ठाऊक नसते. गोष्ट सुरू होते ती गजराच्या घड्याळाच्या घणघणाटाने आणि रेडिओ-निवेदकाने साऱ्या वस्तीला घातलेल्या जागे होण्याच्या हाकेने. तेव्हा ती कुठेच नसते.

मग व्यक्तिपरिचय झाला तो कसला? माझे उत्तर असे की, येथे स्वभावाचा परिचय आधी होतो आणि व्यक्तीचा नंतर. पुढे टीना भेटते तेव्हा ती मूकीला फैलावर घेते. तो दिवसचे दिवस फिरकत नाही, मुलाकडे पाहत नाही, म्हणून तोंडाचा पट्टा सोडते. प्रारंभनृत्य पाहिले नसेल तर ही नुसती भांडखोर बाई वाटेल. ते पाहिले असेल तर आपण ओळखतो, की हे तेच ठोसे आहेत. फक्त जागा आता एका खोलीपुरती उरली आहे.

तसेच हे नृत्य तिच्या एकटीचा परिचय करून देत नाही. हातांवरचे मोजे लक्षात ठेवावेत. पुढे रेडिओ रहीम रस्त्यात मूकीला अडवून आपल्या बोटांवरच्या कड्या दाखवितो. एका मुठीवर 'प्रेम', दुसरीवर 'द्वेष' ही अक्षरे. दोन्ही मुठी हवेत फिरवून, ठोसे मारीत, तो डाव्या-उजव्या हातांच्या झुंजीची गोष्ट सांगतो. ही कल्पना 'द नाइट ऑफ द हंटर' (१९५५) ह्या चित्रपटातील धर्मोपदेशकाकडून घेतलेली आहे. पण तेथे ती ढोंग्याची लबाडी होती, येथे ती एका अबोल मुलाची श्रद्धा आहे. रहीमच्या ह्या मुष्टियुद्धाची पहिली आवृत्ती आपण टीनाच्या नृत्यात पाहिलेली असते. आणि गाणेही तेच : रहीम जेथे जेथे जातो तेथे तेथे 'फाइट द पॉवर' वाजते. म्हणून सॅलचे दांडके त्या रेडिओवर पडते, तेव्हा फुटते ते केवळ एक यंत्र नाही. चित्रपटाला ज्या स्वराने प्रारंभ झाला तो स्वरच बंद पडतो, आणि त्यानंतर फार वेळ न जाता तो स्वर वाहणारा माणूसही. आरंभीचे नृत्य कापून टाकले असते, तर ह्या क्षणाच्या शांततेला आज आहे तो अर्थ राहिला नसता.

५. वर्णकलह : एका देहात दोन समाज

आता वर्णाचा प्रश्न. हा चित्रपट काळे विरुद्ध गोरे अशा सरळ रेघेवर आखलेला आहे, असे वरवर पाहणाऱ्यास वाटते. माझेही तसेच मत होते. प्रारंभनृत्यानेच ते ढासळविले.

रोझी पेरेझ ही पोर्तो रिकन वंशाची, ब्रुकलिनमध्येच जन्मलेली. पोर्तो रिको हे बेट १८९८ च्या युद्धानंतर अमेरिकेच्या ताब्यात आले आणि १९१७ साली तेथील लोकांना अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथून फार मोठ्या संख्येने कुटुंबे न्यू यॉर्कला आली. कागदोपत्री ही मंडळी परदेशी नव्हेत. रस्त्यावर मात्र त्यांना परकेच मानले गेले. ह्या समाजातील मुलगी कृष्णवर्णीयांच्या लढ्याच्या गाण्यावर नाचते, आणि कोठेही उपरी वाटत नाही. ह्याला ऐतिहासिक आधार आहे. जी संगीत-नृत्यपरंपरा आज 'हिप-हॉप' ह्या नावाने जगभर गेली ती १९७० च्या दशकात न्यू यॉर्कच्या ब्राँक्स भागात जन्मली, आणि तिच्या घडणीत कृष्णवर्णीय तरुणांच्या जोडीने पोर्तो रिकन तरुणांचाही वाटा होता.

पुढे कथेत ह्याच्या नेमके उलटे दृश्य येते. काही पोर्तो रिकन तरुण पायऱ्यांवर बसून आपले स्पॅनिश गाणे ऐकत असतात. रहीम येऊन समोर उभा राहतो. दोन्ही बाजू आवाज वाढवीत नेतात. शेवटी रहीमचे यंत्र जिंकते आणि तो विजयाने मूठ उंचावून निघून जातो. प्रसंग विनोदी आहे, आपण हसतोही. पण प्रारंभी जे दोन समाज एका देहात, एका तालावर नांदत होते ते येथे दोन यंत्रे होऊन एकमेकांचा आवाज बुडवितात, ही जाणीव झाली की हसू मावळते. गरिबांनी एकमेकांवर मात करण्यात दिवस घालवावा आणि सत्ता जेथल्या तेथे राहावी, हे चित्रपटाचे दुःख आहे. ते सांगण्यासाठी आधी एकत्वाचे चित्र दाखविणे आवश्यक होते, आणि ते त्या चार मिनिटांत आहे.

दुसरा धागा अधिक गमतीचा आहे. एका तरुणीने कॅमेऱ्यासमोर एकटीने उभे राहून चित्रपट सुरू करण्याची ही कल्पना स्पाइक ली ह्यांना 'बाय बाय बर्डी' (१९६३) ह्या संगीतपटावरून सुचली, असे त्यांनीच सांगितले आहे. त्यात अ‍ॅन-मार्गरेट ही नटी निळ्या रिकाम्या पार्श्वभूमीपुढे गाते. ती लाडावते, रुसते, प्रेक्षकांकडे झेपावते. तिचे गाणे सैन्यात भरती होणाऱ्या एका लोकप्रिय गायकाच्या निरोपाचे आहे, आणि तो गायक एल्व्हिस प्रेस्लीवर बेतलेला आहे. आता 'फाइट द पॉवर' हे गीत काय म्हणते? त्यात एल्व्हिस आणि जॉन वेन ह्या गोऱ्या दैवतांना स्वच्छ शब्दांत नाकारले आहे, आणि आमचे नायक टपाल-तिकिटांवर का दिसत नाहीत, अशी तक्रार केली आहे.

म्हणजे १९६३ साली एक गोरी मुलगी एल्व्हिससाठी झुरत गाते, आणि १९८९ साली त्याच जागी उभी राहून एक तपकिरी कातडीची मुलगी एल्व्हिसला नाकारणाऱ्या गाण्यावर ठोसे मारते. चौकट तीच, भाव उलटा. शिवाय टपाल-तिकिटाची तक्रार आणि सॅलच्या भिंतीवरील तसबिरींची तक्रार ह्या मुळात एकच आहेत. सन्मानाच्या भिंतीवर कोणाचा चेहरा लावावयाचा हे कोण ठरविणार? दुकान जळते त्या तंट्याचे बीज नामावलीच्या गाण्यातच पेरलेले आहे. शेवटी स्मायली नावाचा तोतरा तरुण जळत्या भिंतीवर मार्टिन ल्यूथर किंग आणि माल्कम एक्स ह्यांचा एकत्र फोटो टाचतो, तेव्हा तसबिरीची मागणी पुरी होते. पण तोवर भिंतच राहिलेली नसते.

मराठी वाचकाला हे सारे अगदीच दूरचे नाही. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नावच अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले होते. चौकात कोणाचा पुतळा आणि कचेरीत कोणाची तसबीर, हे प्रश्न क्षुल्लक नसतात, हे आपणही पाहिले आहे.

६. समोरासमोर पाहणे

प्रारंभनृत्याने चित्रपटाला दिलेली आणखी एक गोष्ट म्हणजे पाहण्याची रीत. ती कॅमेऱ्याकडे तोंड करून नाचते. सामान्यतः चित्रपटातील पात्रे आपण तेथे नाहीच असे समजून वागतात आणि आपण त्यांना चोरून पाहतो. येथे चोरून पाहण्याची सोय नाही.

ही रीत पुढे दोन महत्त्वाच्या ठिकाणी येते. एक रहीमच्या मुठींचा प्रसंग : तो मूकीशी बोलतो, पण पाहतो थेट आपल्याकडे. दुसरे ठिकाण अधिक कडू आहे. मूकी, सॅलचा मुलगा पिनो, एक पोर्तो रिकन तरुण, एक गोरा पोलीस आणि कोरियन दुकानदार, असे पाच जण एकापाठोपाठ एक कॅमेऱ्यासमोर येऊन दुसऱ्या एकेका जमातीला शिव्यांची लाखोली वाहतात. शेवटी रेडिओ-निवेदक ओरडून सर्वांना थांबवितो. ह्या पाचही जणांच्या समोर शिवी खाणारा माणूस नाही. समोर आपण आहोत.

प्रथम पाहताना ह्या शिव्यांनाही आमच्या सभागृहात हशा पिकला. वसतिगृहात आम्ही एकमेकांना गाव, जात आणि बोली ह्यांवरून जी टोपणनावे ठेवली आहेत ती त्या वेळी मला आठवली नाहीत. दुसऱ्यांदा पाहताना आठवली. एका मुलाला आम्ही दोन वर्षे ज्या नावाने हाक मारली ते त्याला आवडते की नाही, हे आमच्यापैकी कोणी विचारले नव्हते. तोही हसत असे, एवढेच आम्ही पाहिले होते. हा उल्लेख विषयांतर वाटेल; पण चित्रपटाने पात्रांना आमच्याकडे वळून पाहावयास लावले आहे ते ह्याचसाठी, असे मला वाटते.

रंगाविषयीही एक शब्द. छायालेखक अर्नेस्ट डिकरसन ह्यांनी उकाडा डोळ्यांना जाणवावा म्हणून उष्ण रंगांवर भर दिला. कोपऱ्यावर खुर्च्या टाकून बसणाऱ्या तीन रिकामटेकड्या गृहस्थांच्या मागची भिंत भडक लाल आहे. तो लाल रंग आपण प्रथम नृत्यात पाहतो. दिवस उजाडण्याआधीच हवा तापली आहे, हे नृत्य सांगून जाते. ह्या तापण्यालाही तारखा आहेत. १९८३ साली मायकेल स्ट्युअर्ट हा कृष्णवर्णीय तरुण न्यू यॉर्क पोलिसांच्या ताब्यात असताना जबर जखमी होऊन पुढे मरण पावला. डिसेंबर १९८६ मध्ये हॉवर्ड बीच येथे गोऱ्या तरुणांच्या टोळीने मायकेल ग्रिफिथचा पाठलाग केला आणि पळता पळता तो मोटारीखाली सापडून मेला. चित्रपट ज्या कुटुंबांना अर्पण केला आहे त्यांत ह्या दोघांची कुटुंबे आहेत. तेव्हा नृत्यातील राग कोठून आला, असे विचारण्याचे कारण उरत नाही.

७. एक आक्षेप

येथवर मी नृत्याची बाजू घेतली. आता ज्या वचनाचा प्रारंभी उल्लेख केला त्याविषयी.

चित्रपटात सर्वांत आधी लढताना दिसते ती एक स्त्री. साहजिकच आपली अपेक्षा होते की, रस्त्यावरच्या लढ्यात तिला काही स्थान असेल. तसे होत नाही. टीना पुढे मोजक्याच प्रसंगांत येते, बहुधा घरातच. आई आणि मूल ह्यांच्यामध्ये. रहीमच्या मृत्यूच्या आणि आगीच्या प्रसंगात तिला काहीच काम नाही. जे युद्ध तिने पुकारले ते पुरुष लढतात आणि ती दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा खोलीतच दिसते. मूकी तिच्या उघड्या अंगावर बर्फाचे तुकडे फिरवितो ते दृश्य तर मला तिसऱ्यांदा पाहताना अधिकच खटकले. त्यात तिचा देह दिसतो, चेहरा दिसत नाही. त्या चित्रीकरणाच्या वेळी आपण अस्वस्थ होतो, रडत होतो, असे रोझी पेरेझने पुढे मुलाखतीत सांगितले आहे. ज्या स्त्रीचा चेहरा प्रारंभी आपल्यावर रोखलेला होता तिचाच चेहरा येथे चौकटीबाहेर राहतो.

ह्यावर असे म्हणता येईल की, दिग्दर्शकाने वास्तव दाखविले : वस्तीतील स्त्रीचा राग घरात कोंडला जातो आणि तिला मोकळे अंगण मिळते ते केवळ स्वप्नवत नृत्यात. हा युक्तिवाद मी मनाशी करून पाहिला. तो अर्धा पटतो. परंतु तोकडे कपडे आणि देहावर रेंगाळणारा कॅमेरा नृत्यातही आहेच. आमच्या मागच्या रांगांना शिट्टी वाजवावीशी वाटली, ह्यात त्या रांगांचा दोष मोठा. पण थोडासा कॅमेऱ्याचाही. दिग्दर्शकाला एकाच वेळी तिची मूठही दाखवावयाची होती आणि तिची कंबरही. मुठीने कंबरेवर मात केली ती दिग्दर्शकामुळे नव्हे, त्या नर्तिकेमुळे, असे माझे मत आहे. चेहऱ्यावर हसू न आणणे हा तिचा अभिनय होता.

८. उपसंहार

हा चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा तो पाहून कृष्णवर्णीय तरुण दंगली करतील, अशी भीती काही गोऱ्या समीक्षकांनी छापून व्यक्त केली होती. दंगली झाल्या नाहीत. रहीमच्या मृत्यूसारखे मृत्यू मात्र थांबले नाहीत. २०१४ साली न्यू यॉर्कमध्ये एरिक गार्नर ह्याचा गळा पोलिसाने आवळला. २०२० साली मिनियापोलिस येथे जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर पोलिसाने गुडघा दाबून धरला. त्या वर्षी स्पाइक ली ह्यांनी एक छोटी चित्रफीत केली. तिच्यात ह्या दोघांच्या खऱ्या मृत्यूच्या दृश्यांशेजारी रेडिओ रहीमच्या मृत्यूचे दृश्य ठेवले. तीस वर्षांपूर्वीचे कल्पित दृश्य खऱ्या दृश्यांत बेमालूम मिसळून गेले.

सरांच्या प्रश्नाचे माझे दुसरे उत्तर आता असे आहे. नृत्य कापले, तर गोष्टीचा एकही दुवा तुटणार नाही. कोण कोणाचा कोण, दुकान का जळले, हे सारे कळेल. पण रहीम मेल्यावर जी शांतता पसरते तिच्यात काय नाहीसे झाले, ते कळणार नाही. आणि टीना खोलीत ओरडते तेव्हा ती कोण आहे, तेही कळणार नाही.

ह्या सत्रात चित्रपट-मंडळ हाच चित्रपट नव्या विद्यार्थ्यांना दाखविणार आहे. शिट्ट्या ह्याही वेळी येतील, ह्याची मला खात्री आहे. मी मागच्या रांगेत बसणार आहे.